रोज पणजी, सुट्टीत घाटमाथा: गोव्यात अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल सांभाळताना

फोंड्याहून बाणस्तारीमार्गे पणजीला रोज ये-जा करणारी आणि वर्षातून दोन-तीन वेळा कोल्हापूर, बेळगाव किंवा हंपीपर्यंत जाणारी अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल, म्हणजे डांबरी आणि खडबडीत दोन्ही वाटांवर चालणारी उंच गाडी, एकच असावी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझी गाडी गेली काही वर्षे ही दोन्ही कामे करीत आहे. या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली: प्रवासात बंद पडणाऱ्या गाडीचे दुखणे बहुधा घरच्या अंगणातच सुरू झालेले असते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडी माती ही तिन्ही गोव्यातल्या गाडीला रोज थोडीथोडी खात असतात. त्यामुळे दूरच्या प्रवासाची तयारी आदल्या रात्री सुरू करून भागत नाही.

निवड करताना आधी स्वतःची उंची आणि पार्किंगची जागा पाहावी. रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो आणि आसनाची उंची ८२५ मिलिमीटर आहे. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, तर हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही साधारण १६० किलोची आहे. घाटात हा फरक फारसा जाणवत नाही, पण पणजीच्या १८ जून रस्त्यावर दोन स्कूटरींच्या मधून गाडी मागे ओढताना किंवा चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करताना तो प्रत्येक किलोने जाणवतो. दोन्ही पाय नीट टेकतात की नाही हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर पाहून पुरेसे होत नाही. उताराच्या रस्त्यावर, पाठीमागे माणूस बसवून पाहावे. घरापासून तासाभराच्या अंतरात त्या गाडीचे काम जाणणारा मेकॅनिक आहे का, आणि क्लच केबल, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेटचा संच येथे मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, याची विचारपूस माझ्या मते अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

चाकांचा विचार वेगळा करावा लागतो. स्पोकची चाके खड्ड्यांत अधिक टिकतात, परंतु साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि पंक्चर झाल्यास चाक उतरवल्याशिवाय गत्यंतर नसते. पुढचे २१ इंची चाक रस्त्याच्या कडेला उतरवण्याची तयारी नसेल, तर मिश्रधातूची ट्यूबलेस चाके असलेली गाडी घ्यावी. ज्यांचा प्रवास मुख्यतः डांबरी रस्त्यांवरून होतो, त्यांना तीच सोयीची पडते. हिमालयन ४५० ला आता ट्यूबलेस स्पोक चाकांचाही पर्याय आहे. ट्यूबची चाके घेतलीच, तर दोन्ही मापांच्या ट्यूब जवळ बाळगाव्यात आणि एकदा तरी घरी बसून चाक उतरवून परत चढवावे.

आता विजेच्या जोडण्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण त्यांचा धडा मला अनमोड घाटात मिळाला. जुलै महिना होता. मोल्ले ओलांडून वर चढत असताना एका वळणावर इंजिन अचानक थांबले. न्यूट्रलमध्ये गाडी लगेच सुरू होई, पण गियर टाकताच पुन्हा बंद पडे. पेट्रोल भरपूर होते, बॅटरी ठणठणीत होती, स्टँड वर होता. अशा वेळी पहिला संशय साइड स्टँडच्या स्विचवर घ्यावा, कारण स्टँड खाली असताना गियर पडल्यास इंजिन बंद करण्याचे काम हाच स्विच करतो. त्याची वायर वर जिथे जोडली होती, ते प्लास्टिकचे कनेक्टर उघडले, तेव्हा आतल्या दोन पितळी पिनांपैकी एकीवर हिरवट कळंक चढलेला आणि तळाशी पाण्याचा थेंब साचलेला दिसला. रुमालाच्या टोकाने तो टिपला, पीन किल्लीच्या कडेने खरवडली, कनेक्टर तीन-चार वेळा काढून परत घट्ट बसवले आणि गाडी पुढे निघाली. पंधरवड्यापूर्वीच गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते आणि तेव्हा ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली गेली होती. पाणी तिथूनच आत शिरले, असे मला वाटते.

तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी एक सकाळ राखून ठेवतो. आसन आणि बाजूची झाकणे काढून हाताला लागतील ती सर्व कनेक्टर एकेक करून उघडावीत, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्यावीत आणि डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात देऊन बंद करावीत. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. जास्तीचे दिवे किंवा मोबाइल चार्जर बसवताना मूळ वायर कापून चिकटपट्टी गुंडाळू देऊ नये. स्वतंत्र फ्यूज आणि रिले (जास्त प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) घालून घ्यावा. चवथीच्या आधी पाऊस ओसरू लागला की हीच तपासणी पुन्हा, जरा थोडक्यात करावी.

चेनची निगा साधारण दर ५०० किलोमीटरनंतर आणि पावसात प्रत्येक मोठ्या भिजण्यानंतर घ्यावी. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नये, त्याने रबरी कड्या खराब होतात आणि आतले ग्रीस निघून जाते. चेन क्लीनर किंवा रॉकेल, मऊ ब्रश आणि जुने फडके पुरते. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावे. गियरमध्ये चालू ठेवलेल्या गाडीच्या चेनला फडके लावताना बोटे जाऊ शकतात. वंगण चेनच्या आतल्या बाजूला मारावे आणि गाडी रात्रभर उभी ठेवावी. अ‍ॅडव्हेंचर गाडीचा मागचा शॉकअप अधिक दबत असल्यामुळे तिची चेन साध्या गाडीपेक्षा थोडी अधिक सैल ठेवावी लागते. पुस्तिकेतले माप पाहूनच ती ताणावी; दिसायला घट्ट केलेली चेन ओझ्याखाली स्प्रॉकेट आणि बेअरिंग दोन्ही झिजवते.

रायबंदर किंवा दिवाडीच्या फेरीबोटीने जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. भरतीच्या वेळी धक्क्यावर चढलेले पाणी खारे असते आणि ते चाकांवर उडते. त्याच संध्याकाळी साध्या नळीने, कमी जोराच्या गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग धुवावा. इंजिनखालच्या लोखंडी पत्र्यात तांबडी माती साचून ओल धरते, ती दर महिन्याला काढावी. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर वाळलेला चिखल तसाच राहिला, तर ऑइल सील फाटते. ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना खाऱ्या हवेने अडकतात. न्यूट्रलमधली गाडी सपाट जागी हाताने ढकलताना ओढल्यासारखी जड वाटली, तर पिना काढून सिलिकॉन ग्रीस लावण्याची वेळ झाली असे समजावे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलून घ्यावे. रेडिएटर असलेल्या गाडीत त्याच्या जाळीतला चिखल मऊ ब्रशने काढावा, नाहीतर शहराच्या गर्दीत पंखा सतत फिरत राहतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी; रिकाम्या टाकीतल्या दमट हवेला मग जागाच उरत नाही. २०२३ पूर्वीच्या गाड्यांचे रबरी पाइप मेकॅनिककडून तपासून घेणे बरे.

लांब निघण्याच्या आठवडाभर आधी सगळे सामान लादून शंभरेक किलोमीटरचा फेरा मारावा. चोर्ला घाटातून जाऊन येणे त्यासाठी उत्तम: चढ, उतार, वळणे आणि खराब डांबर, सगळे एकाच वाटेवर मिळते. ओझ्याप्रमाणे मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवावा, टायरमधली हवा गाडी थंड असताना पुस्तिकेतल्या आकड्यानुसार भरावी, जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला बांधाव्यात. नवे टायर किंवा नवे ब्रेक पॅड निघण्याच्या आदल्या दिवशी बसवू नयेत. दोनेकशे किलोमीटर रोजच्या वाटेवर चालवून मग निघावे. जवळ सुटी क्लच केबल, लिव्हर, फ्यूज, पंक्चरचे साहित्य, हवेचा छोटा पंप आणि आपल्या गाडीच्या मापाचेच पाने असावेत. मार्ग आखताना पणजीचा अटल सेतू, मुंबईचा त्याच नावाचा सागरी सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या तिन्हींवर दुचाकीला मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे. परवाना, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले, तरी घाटात रेंज जाते. छापील प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आसनाखाली ठेवाव्यात. पेट्रोल शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा गोव्यात सहसा स्वस्त असते, तेव्हा टाकी इथेच भरून सीमा ओलांडावी.

परत आल्यावर गाडी तशीच झाकून ठेवू नये. इंजिन निवल्यावर ती धुवावी, चेन पुसून वंगण द्यावे, प्रत्येक स्पोकला पान्याने हलकेच ठोकून आवाज ऐकावा. बाकीच्यांपेक्षा बद्द वाजणारा स्पोक सैल झालेला असतो. मग किलोमीटरचा आकडा, बदललेला भाग आणि वाटेत ऐकू आलेला वेगळा आवाज वहीत तारखेसह लिहावा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ती वही मेकॅनिकच्या हातात द्यावी.