कंपनी ग्रॅच्युइटी देत नाही? वकिलाआधी काय करायचं आणि वकील मोफत कुठे मिळतो

नोकरी सोडून चार महिने झाले. एचआरवाले फोन उचलत नाहीत, उचललाच तर ‘फाइल हेड ऑफिसला गेलीय’ एवढंच सांगतात. अशा वेळी काही जण कपाळाला हात लावून गप्प बसतात, तर काही थेट वकिलाचं ऑफिस गाठतात. माझ्या मते दोन्ही घाईचं. हा तंटा बराचसा कागदांवर सुटतो.

आधी आकडा काढा

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सुटताना मालकाने सेवेच्या वर्षांनुसार द्यायची एकरकमी रक्कम. १० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत सलग ५ वर्षं काम केलं की ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो, मग तुम्ही निवृत्त व्हा नाहीतर राजीनामा द्या. नोकरीत असताना मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर ५ वर्षांची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. संहिता येण्याआधी नोकरी सुटली असेल तर जुन्या कायद्यानुसार मागा.

हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त दिवस भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. मूळ पगार आणि भत्ता मिळून १८,२०० रुपये आणि नोकरी १२ वर्षं ७ महिने, तर १३ वर्षांचे १,३६,५०० रुपये. कमाल मर्यादा २० लाख. नव्या संहितेत इतर भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग मूळ पगारासोबत हिशेबात येतो. पगारपत्रकात मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवलेला असेल, तर इथे नीट लक्ष द्या.

कागद गोळा करा

नेमणूकपत्र हरवलंय म्हणून हातपाय गाळू नका. पीएफच्या पासबुकात मालकाचं नाव आणि महिन्यामागून महिना भरलेली वर्गणी दिसते. सलग नोकरीचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडतो. सोबत पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं स्टेटमेंट, ईएसआयचं कार्ड, फॉर्म १६ आणि राजीनामा मंजूर केल्याची मेल ठेवा. कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी हे सगळं स्वतःकडे उतरवून घ्या.

‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या कागदावर ‘आता काही येणं बाकी नाही’ असं वाक्य हमखास असतं. सही करावीच लागली तर तिच्या वर हाताने लिहा: ‘ग्रॅच्युइटीचा हक्क राखून’. आणि त्या कागदाचा फोटो काढा.

लेखी मागणी करा

फोनवरच्या मागणीला पुरावा नसतो. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून, म्हणजे नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत मालकाकडे अर्ज द्या. उशीर झाला तरी द्या, त्यामुळे हक्क बुडत नाही. अर्जात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटचा पगार आणि वरचा हिशेब लिहा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच मिळाल्याचा पुरावा घ्या. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, त्यामुळे ‘रजिस्टर एडी’ मागत खिडकीवर वाद घालू नका.

मालकाने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. न दिल्यास व्याज लागतं. जुन्या कायद्याखाली ते साधं १० टक्के. वरच्या उदाहरणात म्हणजे वर्षाला १३,६५० रुपये. हा आकडा पत्रात ठळक लिहिला की हेड ऑफिसला गेलेली फाइल कधीकधी अचानक परत येते.

उत्तरात सबबी येतील. ‘राजीनामा दिलात म्हणून नाही’ आणि ‘नोटीस पिरियड भरला नाही म्हणून नाही’ या दोन्ही सबबी टिकत नाहीत. ग्रॅच्युइटी रोखायची तर माणसाला ठरावीक कारणासाठी कामावरून काढलेलं असावं लागतं: मालमत्तेचं नुकसान, तेही नुकसानीपुरतंच, किंवा दंगा, हिंसा अथवा नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक असा) गुन्हा.

दार बरोबर निवडा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. महाराष्ट्रात जुन्या कायद्याखालचे दावे कामगार न्यायालय ऐकतं. पण बँक, विमा, रेल्वे किंवा एकाहून अधिक राज्यांत शाखा असलेली कंपनी असेल, तर ते काम केंद्राचं, म्हणजे सहायक श्रम आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे जायचं. तुमचा कारखाना चाकणला असला आणि कंपनीची शाखा बेंगळुरूला असली तरी हेच. नव्या संहितेखालचं प्रकरण असेल तर अर्जाचा चालू नमुना आणि अधिकारी कोण, हे आधी तिथल्या कार्यालयात विचारून घ्या. जुन्या नियमांत अर्जाला ९० दिवसांची मुदत आहे. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

आता वकील

मोफत वकिलासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १९८७च्या कायद्याने औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक लावा. ‘सरकारी वकील म्हणजे बेफिकीर’ हा समज मला तरी सरसकट पटत नाही. फाइल नीट लावलेली असेल तर त्याचंही काम सोपं होतं.

स्वतः वकील लावणार असाल तर एकच प्रश्न विचारा: तुमची रोजची कामं कामगार न्यायालयात असतात का? दिवाणी दाव्यांत मुरलेला वकील इथे नवखा ठरू शकतो. ‘मिळालेल्या रकमेतले इतके टक्के’ असा सौदा वकिलाला नियमाने करता येत नाही, म्हणून फी आधीच आकड्यात ठरवा. ४ वर्षं २४० दिवस अशी अडचणीची नोकरी असेल तर मात्र सल्ला घ्याच. मद्रास उच्च न्यायालयाने ती ५ वर्षं मानली आहे, पण मालक सहजासहजी ऐकत नाहीत.

निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर मालकाला अपील करायचं असेल, तर आधी रक्कम जमा करावी लागते. तरीही पैसे आले नाहीत, तर त्याच अधिकाऱ्याकडून वसुलीचा दाखला मागा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखल्याचा आवक क्रमांक लिहून घ्या आणि पंधरा-पंधरा दिवसांनी तहसील कार्यालयात फेरी मारत राहा.