ब्लॉगातून पैसे काढायचेत? आधी पत्रपेटीची किल्ली शोधा

ऐरोलीच्या भाचीने परवा फोनवर विचारलं, "मावशी, ब्लॉगमधून जरा बरे पैसे मिळायचे तर काय काय तयारी करू?" मी सांगायला लागले आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं, आपण नुसतं पत्रपेटीबद्दलच बोलतोय. म्हणून हे लिहून काढतेय. क्रमाने लिहायचा विचार आहे, पण पत्रपेटी अधूनमधून येणारच. त्या पेटीपायी माझ्या पाककृतींच्या ब्लॉगचा अख्खा गणपतीचा हंगाम गेलाय.

डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःचं घ्या, आणि स्वतःच्याच ईमेलवर घ्या. "मी करून देतो काकू" म्हणणाऱ्या शेजारच्या मुलाच्या ईमेलवर नको, तो उद्या बंगळुरूला जाईल. होस्टिंग, थीम, रंग यांवर मी काही बोलणार नाही. लोक त्यातच तीन महिने घालवतात. स्वतःबद्दलचं पान, संपर्काचं पान, गोपनीयता धोरणाचं पान ही तिन्ही हवीत. मजकूर आपला हवा, फोटोही आपले. ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स. तिला अर्ज करण्याआधी किती पोस्ट हव्यात असं सगळे विचारतात; गूगल आकडा सांगत नाही, माझ्या तीसेक झाल्या होत्या. मराठीतून चालतं का, हेही अजून कोणी ना कोणी विचारतंच. २०१८ पासून चालतं.

अर्जात नाव लिहिताना मात्र थांबा. बँक खात्यावर जे नाव आहे तेच, अक्षर न् अक्षर तेच. आपल्याकडे बायकांचं खातं माहेरच्या नावावर, पॅन सासरच्या, आणि ब्लॉग तिसऱ्याच लाडक्या नावावर असतो. ते आधी एक करून घ्या, मग पुढे चला.

आता पत्ता. इथे खुर्ची ओढून नीट बसा.

कमाई दहा डॉलरला पोचली की गूगल तुमचा पत्ता पडताळण्यासाठी एक सहा आकडी पिन पाठवतं. कधी त्याआधी ओळखपत्रही मागतं. पिन ईमेलने येत नाही, मेसेजने येत नाही. साध्या टपालाने येतो, कागदावर. रजिस्टर नाही, स्पीड पोस्ट नाही, कुठपर्यंत आलं ते बघायला नंबर नाही, सही घेणारं कोणी नाही. यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो आकडा खात्यात भरला नाही तर ब्लॉगवरच्या जाहिराती बंद होतात. हे सगळं त्यांनी स्वच्छ लिहिलेलं असतं आणि मी ते वाचलंही होतं. वाचलं आणि मान डोलावली.

आमची नौपाड्यातली इमारत तेव्हा पुनर्विकासाला गेली होती आणि आम्ही भाड्याने कासारवडवलीला राहत होतो. अ‍ॅडसेन्समध्ये पत्ता नौपाड्याचाच, ४००६०२. आधारवर तोच होता, आणि शेवटी परत तिथेच तर जायचंय. पिन एप्रिलअखेर निघाला. मे महिनाभर मी वाट बघितली. जूनमध्ये पुन्हा मागवला. पत्ता न बदलता! इमारतीच्या जागी तेव्हा निळे पत्रे ठोकलेले आणि आत एक पोकलेन. पोस्टमनने पत्र काय पोकलेनच्या हातात द्यायचं होतं? हे माझ्या डोक्यात जुलैत आलं. मग पत्ता बदलून कासारवडवलीचा टाकला, ४००६१५, आणि तिसरा पिन मागवला. पहिला आपोआप निघतो, त्यानंतर पुन्हा मागवायची मुभा तीनदाच असते, म्हणजे माझ्या हातात एकच उरली.

तरीही आला नाही. ऑगस्ट संपता संपता जाहिराती बंद झाल्या, आणि गणपती आठवड्यावर. माझी उकडीच्या मोदकांची पोस्ट वर्षभर दिवसाला दोन-तीनशे लोक वाचतात. त्या आठवड्यात रोज चार-साडेचार हजार वाचत होते आणि जाहिरातींच्या जागा पांढऱ्याफटक. अनंत चतुर्दशीनंतर एकदा लिफ्टची वाट बघत उभी होते. समोर भिंतीवर पत्रपेट्यांच्या रांगा. आमच्या फ्लॅटच्या पेटीला छोटं कुलूप, वर घरमालकाचं नाव, किल्ली घरमालकाकडे आणि घरमालक पुण्याला. सहज मोबाइलचा टॉर्च लावून फटीतून बघितलं. पिझ्झाची दोन पत्रकं, कुठल्याशा क्लासचं एक, आणि त्यांच्या मधोमध एक पातळ पांढरा कागद, दुमडून कडेने चिकटवलेला, वर माझं नाव. घरी जाऊन पोळ्या भाजायचा चिमटा आणला आणि ओढून काढला. असल्या पत्राच्या तिन्ही कडा टोचलेल्या रेघांवरून फाडायच्या की आत आकडे दिसतात. माझी घाईत एक कड तिरकी फाटली, शेवटचा आकडा अर्धा गेला. तीन की आठ? आठ होता.

तेव्हा दहा डॉलर व्हायची वाट बघू नका. आठ झाले की खाली जा आणि पेटी बघा. तिच्यावर तुमचं नाव आहे का? बायकांनो, तुमचं, "श्री." अमुक यांचं नाही. किल्ली कोणाकडे आहे? सोसायटीत टपाल गेटवरच घेतात की पेटीत टाकतात, हे वॉचमनला विचारा आणि दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना सांगून ठेवा, की पांढरं, पातळ, फालतू दिसणारं पत्र येणार आहे, ते टाकून देऊ नका. पोस्टमन कोणत्या वेळेला येतो ते विचारा आणि एकदा भेटा. पत्ता लिहिताना आधी फ्लॅट, मग विंग, मग इमारत. "देवळाच्या मागे, डेअरीच्या बाजूला" ही पोथी नको, पिनकोड मात्र बरोबर. घोडबंदर रोडला हमखास चुकतो, कारण एकाच रस्त्यावर तीन-चार पिनकोड आहेत. इमारत पुनर्विकासात असेल तर पत्ता आजच बदला. जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्यावर वळवायचा अर्ज पोस्टात देता येतो, तोही देऊन ठेवा. मी दिला नव्हता.

बँकेचं काम पिनची वाट बघता बघता उरकतं. पैसे परदेशातून येतात म्हणून आयएफएससीबरोबर स्विफ्ट कोडही, म्हणजे परदेशी व्यवहारांसाठीचा बँकेचा कोड, लागतो. आपल्या शाखेला स्वतःचा नसला तर बँकेच्या मोठ्या शाखेचा देतात; काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर परकीय चलनाचं काम बघणाऱ्यांना विचारा. शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि साठले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखांच्या दरम्यान निघतात. पिन भरलेला नसेल तर तेही नाहीत.

आता जाहिराती. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरच्यांना ठाऊक नसतं. माझ्या मामेभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक टाकून खाली लिहिलं, "सगळ्यांनी दोन-दोन जाहिराती दाबा, ताईला मदत होईल." मी तो मेसेज पुसायला लावला, भांडण झालं, दिवाळीला बोलला नाही. बोलू दे नाहीतर नको बोलू दे. असल्या क्लिकपायी गूगलने खातं बंद केलं की दुसरं मिळवणं महाकठीण. शिवाय २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्सचे पैसे क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर मिळतात. मग दाबून फायदा तरी काय?

जागांचं म्हणाल तर गूगलच्या आपोआप लागणाऱ्या जाहिराती सोयीच्या आहेत, पण मोकळं सोडलं तर गूगल पानभर जाहिराती पेरतं. माझी जाऊ पिठाचे हात घेऊन ओट्याशी उभी, पाण्याला उकळी आलेली, पिठी किती घालायची बघायला जाते तर फोनभर कारची जाहिरात. हाताला उकड, ती बंद कशी करणार? आख्खा पडदा व्यापणारी जाहिरात मी त्याच दिवशी बंद केली. आता साहित्याची यादी संपली की एक, कृतीच्या मध्यावर एक, शेवटी एक. वाचक जास्त वेळ थांबतात आणि दोन पोस्ट पुढे जातात. माझ्या ब्लॉगवर तरी जाहिराती कमी करून पैसे वाढले.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वाचक कुठे बसून वाचतोय यावर भाव ठरतो. न्यू जर्सीतली मराठी बाई माझी पोस्ट वाचते तेव्हा डोंबिवलीतल्या वाचकापेक्षा कितीतरी जास्त मिळतात. मग तिच्यासाठी काहीतरी लिहा ना! ओव्हनचं तापमान फॅरनहाइटमध्येही द्या. आंबेमोहोराची पिठी मिळाली नाही तर भारतीय दुकानातलं इडिअप्पमचं पीठ चालतं, हे एक वाक्य घातल्यावर अमेरिकेतले वाचक पुढच्या गणपतीपर्यंत दुप्पट झाले. ओलं खोबरं तिथे गोठवलेलं मिळतं, ते कसं वापरायचं त्याची मी वेगळी पोस्ट केली. हे तुमच्या विषयाला लावून बघा. किल्ल्यांवर लिहीत असाल तर सुट्टीत येणाऱ्यांसाठी लिहा.

हंगामाचं लिखाण दीड-दोन महिने आधी. मोदक जुलैत, फराळ ऑगस्टअखेर, तिळगूळ नोव्हेंबरात. शोधात वर यायला वेळ लागतो. दर वर्षी नवी पोस्ट टाकू नका. जुनीच सुधारा, फोटो बदला, लोकांनी विचारलेल्या शंका आत घ्या, पानाचा पत्ता तोच ठेवा. आणि पत्त्यावरून आठवलं, तुमच्या सोसायटीच्या पेटीचं कुलूप गंजलेलं नाही ना? बघा एकदा. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात लोक काय टाइप करून आले ते दिसतं. माझ्याकडे निम्मे लोक रोमन अक्षरांत "मोदक फुटतात का" विचारत आले होते. त्यावर लिहिलं, आजही तीच पोस्ट दुसऱ्या नंबरची आहे.

फक्त जाहिरातींवर मात्र राहू नका. मराठी ब्लॉगला त्यातून वीजबिल सुटतं, फार तर किराणा. वस्तूंच्या लिंकवरचं कमिशन चांगलं, पण आपण वापरलेल्याच वस्तूची लिंक द्या, आणि त्यातून कमिशन मिळतं हे तिथेच लिहा. मी मोदकपात्राची दिली, चालली. मिक्सरची दिली, एक गेला नाही. मिक्सर कोण माझ्या सांगण्यावरून घेणार?

मला सगळ्यात जास्त पैसे दिले ते क्लासने. मोदकांच्या पोस्टखाली "रविवारी ठाण्यात शिकवते, सहा जणी" एवढी एक ओळ टाकली. गणपतीआधीचे चार रविवार भरले, पैसे यूपीआयने आधीच. वर्षभराच्या अ‍ॅडसेन्सपेक्षा जास्त झाले. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी फराळाच्या प्रमाणांची पीडीएफ, नव्व्याण्णव रुपयांना. मैदा किती, मोहन किती, एवढंच, गोष्टी नाहीत. खाद्यपदार्थच विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आधी. जवळच्या दुकानांनाही विचारा. जांभळी नाक्यावरच्या एका भांडीवाल्यांना मी वाचकांचे आकडे छापून नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले, "यातले ठाण्याचे किती?" एवढंच विचारलं आणि ब्लॉगवर तीन महिन्यांसाठी जाहिरातीची पट्टी घेतली. ठाण्याचे किती हे मला सांगता आलं नव्हतं. तुम्ही काढून न्या.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं तर वर स्पष्ट सांगायचं, जाहिरात आहे. तसे नियम आहेत आणि वाचकही मूर्ख नाहीत. २०२२ च्या जुलैपासून कंपनीकडून वर्षाला वीस हजारांच्या वर फुकट वस्तू ठेवून घेतल्या तर त्यावर टीडीएसही लागतो.

कर: सगळं उत्पन्न दाखवा, पावत्या ठेवा, सीएला विचारा. बॅकअप: महिन्यातून एकदा. डोमेनची मुदत: भिंतीवरच्या कॅलेंडरवर. फोटो लहान करून चढवा. बाकीचं तुम्हाला कळतं.

हे लिहीत असतानाच भाचीचा फोन आला. "मावशी, दहा डॉलर झाले! पिन पाठवलाय म्हणे." म्हटलं, खालच्या पेटीवर नाव कोणाचं आहे गं? जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "सासऱ्यांचं. पण ती कोणी उघडतच नाही, किल्ली हरवलीये." मी म्हटलं, फोन ठेव, खाली जा, कुलूप तोड, आणि चिकटपट्टीवर तुझं नाव लिहून लाव. जाताना चिमटा घेऊन जा.