वॉशिंग मशीनचं पाणी घरात शिरतं ते असं! या चुका टाळा

दर्यापूर-अंजनगावकडच्या खेड्यांत मी मशीन दुरुस्त करत फिरतो. घरात पाणी भरलं म्हणून फोन आला, की मी आधी एकच विचारतो : जाळी कोणी काढली?

मशीनला पाण्याचा पाइप जिथं जोडतो, त्या तोंडात बोटाच्या टोकाएवढी जाळी असते. टाकी धाब्यावर, जेमतेम आठ-दहा फूट उंच. त्यात दोन दिवसांआड येणाऱ्या नळाचा गाळ. जाळी तुंबते, धार बारीक होते. मग घरातला एखादा हुशार पोट्टा पक्कडीनं ती उपटतो. "आता कसं धो-धो येते!" येते ना भाऊ. गाळही येते.

एका घरी भाव वाढेल म्हणून मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. भिंतीपलीकडे न्हाणी, तिथं फुल्ली ऑटोमॅटिक. धुणं झालं, बोर्डाचं बटण बंद केलं, तोटी मात्र उघडीच. जाळीमागं पाणी अडवणारा व्हॉल्व असतो; त्याच्या रबराखाली वाळूचा कण अडकला की तो पुरता बसत नाही; मग लाईन असो-नसो, पाणी आत झिरपतच राहतं. रात्रभरात टब भरून वाहिला आणि उंबऱ्यावरून कापसाखाली गेला. सकाळी मी पोचलो तेव्हा गंजी वरून पांढरीशुभ्र होती. काकूंनी खालून मूठभर कापूस ओढून माझ्यासमोर पिळला, तर धार लागली. वाळवला, तरी पिवळा पडला. ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारी सरकारी कंपनी, माल घेत नाही, आणि पिवळ्या कापसाला व्यापारी काय भाव लावतो ते तुम्हाला सांगायला नको. काका मला म्हणत होते, "मशीनच फुटकी दिसते." जाळी पोराच्या खिळ्यांच्या डब्यात सापडली.

जाळी काढायची ती धुवायलाच. तोटी बंद करून पाइप सोडा, जाळी अलगद ओढा, जुन्या टूथब्रशनं घासा, परत बसवा. मी घरी दर अमावस्येला करतो, लक्षात राहतं म्हणून. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर ब्रशला दाद देत नाही. घटकाभर लिंबाच्या रसात बुडवून ठेवा. आणि धुणं संपलं की आधी तोटी, मग बटण.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांची खोड वेगळी. सांडपाण्याचा पाइप पायात येतो म्हणून खिळ्याला टांगतात. त्यात पंप नसतो बाप्पा, पाणी उताराने जातं! टब जास्त भरला तर वरचं पाणीही त्याच पाइपातून निघतं. लाईन गेली की माणूस उठून ओट्यावर जाऊन बसतो, इकडे तोटी चालूच. पाइप खाली मोरीत सोडलेला असेल तर काही बिघडत नाही. टांगलेला असेल तर घरात तळं. पंपवाल्या मशीनचा पाइप मात्र झटक्यानं मोरीतून उडतो, तो मी सुतळीनं बांधतो. दिसायला गावठी, पण आजवर सुटला नाही.

तोटीशी गळत असेल तर टेफलॉन गुंडाळून पागोटं करू नका, आतला रबरी वायसर बदला.

तुरीचे कट्टे घरात आले की मागोमाग उंदीर येतात आणि सांडपाण्याचा पाइप कुरतडतात. मशीनच्या तळाला पत्रा मारून घ्या.

मातीच्या भिंतीला मशीन टेकवू नका. गळती दिसते तोवर पोपडा हातात आलेला असतो.

आणि खोलीत पाणी दिसलं की पाय घालायच्या आधी मेन स्विच पाडा. कापूस नंतर उचला.