अध्यक्षाने मीपणा कसा सोडावा

मंडळाचे, ग्रामसभेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे नेतृत्व करणाऱ्याने नम्र राहण्याचा केवळ निश्चय करून भागत नाही. निर्णय, पैसा आणि श्रेय एकाच हाती एकवटणार नाहीत, अशी कामाची रीत त्याने स्वतः लावून घ्यावी लागते.

त्यांत निर्णय सोडणे सर्वांत अवघड. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीची पद्धत स्वीकारली. सहमती होईपर्यंत विषय पुन्हा सभेपुढे येतो आणि अभ्यासगटात त्यावर मोकळी चर्चा होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाचे बळ मला याच धीराच्या सभांत दिसते.

आपल्याकडे असे वळण पाडायचे असेल, तर अध्यक्षाने आपले मत सर्वांत शेवटी मांडावे, कारण मानाच्या माणसाने आधी बोलून टाकले की बाकीचे भिडेपोटी माना डोलावतात. गप्प बसलेल्यांना, विशेषतः मागे बसलेल्या स्त्रियांना आणि नव्या सभासदांना, आवर्जून विचारावे. विरोध करणाऱ्याचे म्हणणे आपल्या तोंडून मांडून दाखवावे, ते बरोबर मांडले गेले का हे त्यालाच विचारावे आणि मगच इतिवृत्तात नोंदवावे. खरी परीक्षा आपली सूचना फेटाळली गेल्यावर होते: रुसून घरी बसण्याऐवजी सभेने ठरवलेल्या कामाला आपण पहिला हात लावावा. एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

पैशाचे थोडक्यात सांगता येते: जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावावा आणि हिशेब विचारणाऱ्यावर संशय घेऊ नये.

श्रेयाबाबत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) वागणे डोळ्यांपुढे ठेवावे. कीर्तनाच्या गावी ते आधी खराटा घेऊन गाव झाडत, आणि लोकांना पाया पडू देत नसत. म्हणून सत्काराची शाल स्वीकारण्याआधी राबलेल्यांची नावे सभेत वाचून दाखवावीत, कोनशिलेवर स्वतःचे नाव घालू देऊ नये, आणि सतरंज्या घालण्याच्या पाळीत आपलेही नाव असावे.

मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून दुसऱ्या कुणाला तरी सभा चालवू द्यावी. पायउतार होताना दप्तर, चाव्या आणि बँकेचे कागद यादीसह सोपवावेत, आणि त्यानंतर नव्या समितीने विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.