पैसे आले, हे ठरवायचं कुणी?

मे महिन्यातली सकाळ, सव्वासात वाजले असतील. देवगडच्या बागायतदार काकांचा फोन आला. “बाय, जरा बघ गो. नाशिकच्या एक बाई सारख्या फोन करतायत. म्हणतात, पैसे दोनदा गेले. आणि आपल्याकडे त्यांची ऑर्डरच दिसत नाही.”

मला पुण्यात नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. काकांची हापूसची वेबसाइट हे मी बाहेरून घेतलेलं पहिलं काम. लॅपटॉप उघडला. आमच्या डेटाबेसमध्ये त्या बाईंच्या नावावर दोन ओळी होत्या, दोन्हींपुढे ‘पेमेंट बाकी’. मग पेमेंट गेटवेचा, म्हणजे दुकानाच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचा, डॅशबोर्ड उघडला. तिथे चार मिनिटांच्या अंतराने १,८०० रुपये दोनदा जमा झालेले. बाई खरं बोलत होत्या. चूक माझ्या कोडमध्ये होती.

त्यांनी मोबाइलवर पेटी निवडली आणि ‘पैसे भरा’ दाबलं. यूपीआय ॲप उघडलं, पिन टाकला, पैसे गेले. परत ब्राउझरवर आल्या तर पान नव्याने लोड झालेलं. साध्या फोनमध्ये मेमरी कमी असते, मागे राहिलेलं पान फोन बंद करून टाकतो. त्यांना पुन्हा तेच बटण दिसलं. त्यांना वाटलं, राहिलं वाटतं. पुन्हा दाबलं, पुन्हा पिन टाकला. माझा कोड ऑर्डर पक्की करायचा ती ब्राउझरमध्ये यशाचा निरोप आल्यावरच, आणि तो निरोप दोन्ही वेळा कुणी ऐकलाच नाही. एक रक्कम मी लगेच रिफंडला टाकली, काकांनी त्याच दिवशी पेटी पाठवली, आणि मी स्वतः बाईंना फोन केला. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, “पैसे गेले आणि पडद्यावर काहीच आलं नाही, की फार भीती वाटते हो.”

पेमेंटचं काम शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य आधी सांगते. तुमच्यासाठी तो एक एपीआय कॉल, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला पाठवलेली विनंती, असतो. पलीकडे पिन टाकून बसलेल्या माणसाचे ते पैसे असतात.

आता यंत्रणेबद्दल. यूपीआयमध्ये ग्राहक तुमच्या पानावरून बाहेर पडतो आणि दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन पिन टाकतो. त्याच्या बँकेतून पैसे निघतात, एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेतून पलीकडच्या बँकेत पोचतात, मग गेटवेला कळतं, आणि सगळ्यात शेवटी, कळलंच तर, तुमच्या पानाला कळतं. या वाटेवर कुठेही नेट जाऊ शकतं, बँकेचा सर्व्हर अडकू शकतो, फोनची बॅटरी संपू शकते. म्हणून पैसे आले की नाही, हे ब्राउझरला ठरवू द्यायचं नाही. ते ठरवेल तुमचा सर्व्हर, आणि तोही गेटवेकडून खात्री करून घेतल्यावरच.

क्रम असा ठेवा. ग्राहकाने बटण दाबलं की आधी तुमच्या सर्व्हरने स्वतःच्या डेटाबेसमध्ये ऑर्डर लिहायची, मग गेटवेकडे त्या रकमेची ऑर्डर तयार करायची, आणि तिकडून आलेला ऑर्डर आयडी आपल्या ओळीत जपून ठेवायचा. मी नेमकी इथे घसरले होते. बटण दाबलं की दर वेळी नवी ऑर्डर बनायची. आता माझा कोड आधी बघतो की याच ग्राहकाची, याच मालाची, पैसे बाकी असलेली ऑर्डर आहे का. असेल तर आधी गेटवेला विचारतो की हिचे पैसे आलेत का. आले असतील तर बटण दाखवायचंच नाही, ‘तुमचे पैसे मिळाले’ असं लिहायचं.

रक्कम कधीही ब्राउझरकडून घेऊ नका. एकदा स्वतःच करून बघा. क्रोममध्ये एफ-१२ दाबा, तुमच्या पानाने पाठवलेली विनंती कन्सोलमध्ये चिकटवा, तिच्यातले १,८०० खोडून १ लिहा आणि पाठवा. तुमच्या सर्व्हरने ती रक्कम मानली, तर एका रुपयात पेटी गेली. ब्राउझरने फक्त ‘कोणता माल, किती नग’ सांगावं. भाव सर्व्हरने आपल्या तक्त्यातून काढावा.

आणि पैसे पैशांतच ठेवा, म्हणजे शब्दशः पैशांत. रेझरपेसारख्या गेटवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत पाठवावी लागते. १,८०० रुपये म्हणजे १८००००. पाठवताना शंभरने गुणायला विसरलात तर ग्राहकाकडून अठरा रुपये घेतले जातील. दुसरा काटा दशांशाचा. जावास्क्रिप्टच्या कन्सोलमध्ये १९.९९ गुणिले १०० करा. उत्तर १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. एका पैशाचा फरक मालकाच्या वहीत दिसायला लागला की त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि तो फरक शोधण्यात तुमची रात्र जाते. म्हणून डेटाबेसमधला रकाना पूर्णांकाचा आणि पैशांतला, रुपये फक्त पडद्यावर दाखवताना.

पेमेंट झालं की गेटवे ब्राउझरकडे तीन गोष्टी देतो: पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी आणि सिग्नेचर. सिग्नेचर म्हणजे आयडींच्या जोडीवरून, तुमची गुप्त की, म्हणजे गेटवेने फक्त तुम्हाला दिलेली किल्ली, वापरून काढलेला ठसा. सर्व्हरवर तुम्ही तोच ठसा एचमॅक-एसएचए२५६ या ठसा काढायच्या पद्धतीने पुन्हा काढायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. यात एक बारीक गोष्ट आहे. ऑर्डर आयडी ब्राउझरकडून आलेला घेऊ नका, आपल्या डेटाबेसमधला घ्या. नाहीतर कुणी जुन्या, स्वस्त ऑर्डरचा खरा आयडी आणि खरी सिग्नेचर आणून महागड्या ऑर्डरवर चिकटवेल, आणि तुमची तपासणी ते पास करेल. गुप्त की फक्त सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये. ती चुकून गिटवर, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, गेली तर फाइल पुसून भागत नाही, कारण ती इतिहासात राहते. की त्याच मिनिटाला बदलायची.

एवढं सगळं केलं तरी नाशिकच्या बाईंचा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांच्या ब्राउझरमधून काहीच परत आलं नव्हतं. त्यासाठी वेबहूक. गेटवे स्वतःहून तुमच्या सर्व्हरचं दार ठोठावतो आणि सांगतो, या ऑर्डरचे पैसे आले. नवशिक्यांना हे वरचं, ऐच्छिक काम वाटतं. मला विचाराल तर मुख्य काम हेच आहे, ब्राउझरमधला निरोप ही सोय आहे.

वेबहूक लिहिताना मी जे जे चुकले ते सांगते. पहिले दोन दिवस सिग्नेचर जुळेचना. कारण काय, तर फ्रेमवर्क (ज्या तयार सांगाड्यावर मी कोड लिहिला तो) जेसन या मांडणीत येणारा मजकूर आधीच उलगडायचा आणि मी तो पुन्हा मजकूर करून ठसा काढत होते. एखादी रिकामी जागा इकडची तिकडे झाली तरी ठसा बदलतो. मजकूर जसा आला तसाच, कच्चा, तपासायचा. शिवाय वेबहूकचं सीक्रेट वेगळं असतं, एपीआयच्या कीशी त्याचा संबंध नाही. घरच्या लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरला, बाहेरून वेबहूक पोचत नाही, त्यासाठी एनग्रॉकसारख्या साधनाचा बोगदा लागतो.

मग दुसरी गंमत कळली. एकच निरोप दोनदा येऊ शकतो. तुमच्या सर्व्हरने उत्तर द्यायला उशीर केला, तर गेटवेला वाटतं पोचलं नाही, तो पुन्हा पाठवतो. माझा कोड निरोप आला की आधी काकांना मेसेज पाठवायचा, मग पावती बनवायचा, मग उत्तर द्यायचा. काकांना एका ऑर्डरचे दोन मेसेज गेले, आणि गड्याने दोन पेट्या बांधून ठेवल्या. नशिबाने गाडी निघायच्या आधी लक्षात आलं. आता निरोप आला की आधी तो नोंदवून लगेच २०० हे, ‘मिळालं’ अशा अर्थाचं, उत्तर द्यायचं, बाकीची कामं मागाहून. आणि पेमेंट आयडीच्या रकान्यावर युनिकची अट. तोच आयडी दुसऱ्यांदा लिहायला गेलं की डेटाबेस स्वतःच अडवतो.

निरोप उलट्या क्रमानेही येतात. आधी ‘पैसे मिळाले’ आणि मागून, पहिल्या फसलेल्या प्रयत्नाचा, ‘अयशस्वी’. तुम्ही येईल तसं लिहीत गेलात तर पैसे भरलेली ऑर्डर रद्द होईल. ‘मिळाले’ अशी नोंद झालेली ऑर्डर परत ‘अयशस्वी’ होता कामा नये. तिच्यापुढे फक्त एकच वाट, रिफंडची.

अधांतरी राहिलेल्या पैशांचं काय? खात्यातून गेले, पण दुकानाला खात्री मिळाली नाही, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकाचा फोन आला की ‘बघतो’ म्हणू नका, हे सांगा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहून घ्या. तो बारा अंकी क्रमांक असला की बँकेशी बोलता येतं.

कार्डाच्या बाबतीत मी एकच सांगेन, कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरवर येऊच देऊ नका. गेटवेचं तयार चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, वापरा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाचं कार्ड साठवून ठेवताच येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबरच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, असतं. पुढच्या वेळी सोय व्हावी म्हणून नंबर जपून ठेवू, असं कुठल्या मालकाने सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

कोडपेक्षा कागदपत्रांत वेळ जातो, हेही माहीत असू द्या. टेस्ट मोडवर, म्हणजे खरे पैसे न वापरता, तुम्ही आजच काम सुरू करू शकता, पण लाइव्ह व्हायला मालकाचं पॅन, बँक खातं, केवायसी लागतं, आणि वेबसाइटवर संपर्क, अटी, गोपनीयता, रिफंड, माल पोचवण्याचं धोरण अशी पानं लागतात. काकांच्या साइटवर रिफंडचं पान नव्हतं, म्हणून अर्ज परत आला. आंबा डागी निघाला तर काय करायचं, हे त्या निमित्ताने आम्ही दोघांनी पहिल्यांदा बसून ठरवलं. तेव्हा हंगाम सुरू व्हायला दोनच आठवडे होते. हे काम आधी करा.

आणि काकांची वही. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, “पेटी अठराशेची, खात्यात सतराशे सत्तावन आणि वर बावन्न पैसे. बाकीचे गेले कुठे?” मी कागदावर मांडून दाखवलं. गेटवेचे दोन टक्के म्हणजे ३६ रुपये, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६ रुपये ४८ पैसे. उरले १,७५७.५२. (जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं बँकेचं शुल्क, शून्य आहे, तरी गेटवे आपल्या सेवेचं शुल्क लावू शकतो. करार नीट वाचा.) शिवाय पैसे त्याच दिवशी येत नाहीत, आमच्या करारात कामाचे दोन दिवस होते, आणि अनेक ऑर्डरींची मिळून एकच रक्कम जमा होते. म्हणून मी रोज रात्री चालणारी एक स्क्रिप्ट लिहिली. ती गेटवेची यादी आणि आमचा डेटाबेस ओळीला ओळ लावून बघते आणि जिथे मेळ बसत नाही तेवढ्याच ओळी सकाळी पाठवते. वेबहूक हुकला तरी इथे सापडतो.

आता मी कंपनीत नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. रेझ्युमेवर ‘पेमेंट गेटवे इंटिग्रेशन’ दिसलं की एकच प्रश्न विचारते. ग्राहकाने पिन टाकला आणि त्याच क्षणी त्याचा फोन बंद पडला, तर तुमच्या डेटाबेसमध्ये काय लिहिलेलं असेल? पुष्कळ जण यशस्वी पेमेंटचा व्हिडिओ दाखवतात. मला फसलेलं पेमेंट बघायचं असतं. टेस्ट मोडमध्ये पेमेंट मुद्दाम फसवता येतं, ते करून बघा. पैसे भरताना मुद्दाम टॅब बंद करा, सर्व्हर बंद ठेवून वेबहूक चुकवा, तोच निरोप पाच वेळा पाठवा. प्रत्येक वेळी डेटाबेसची ओळ उघडून बघा.

लाइव्ह झाल्यावर पहिलं पेमेंट मी अजूनही स्वतःच्या खात्यातून करते, साइट कुणाचीही असो. एक रुपया भरते, कधी कापला गेला, वेबहूक कधी आला, सेटलमेंटमध्ये, म्हणजे गेटवेकडून खात्यात येणाऱ्या रकमेत, कधी दिसला ते लिहून ठेवते, आणि मग त्याचाच रिफंड करते. तो रुपया माझ्या खात्यात परत आल्याचा मेसेज दिसेपर्यंत मालकाला ‘साइट सुरू करा’ म्हणत नाही.