जुने गोवे: असिसीच्या संत फ्रान्सिसची इगर्जी आणि तिचा मठ कसा पाहावा

जुन्या गोव्याला आलेले बहुतेक जण बॉम जेझू आणि सें कॅथेड्रल ही दोन मोठी चर्च पाहून बसमध्ये चढतात. सेंच्या मागेच असलेली असिसीच्या संत फ्रान्सिसची इगर्जी, म्हणजे चर्च, राहून जाते. तिच्यासाठी दोन तास वेगळे काढा.

पणजीच्या कदंब बसस्थानकावरून बस मिळते, अंतर साधारण 10 किलोमीटर. रेल्वेने आलात तर करमळी स्थानकावरून रिक्षा करा. शुक्रवार टाळा, कारण मठात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि त्या दिवशी ते बंद असते. संत फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताआधी, म्हणजे सणाआधी, नऊ दिवस नोव्हेना ही प्रार्थना चालते, तेव्हा गर्दीमुळे निवांत पाहणे जमत नाही. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, म्हणून पकड असलेली चप्पल घाला. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आधी दार पाहा. आजची इमारत 1661 ची, पण दार तिच्या आधीच्या इगर्जीचे, पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीतले. पांढऱ्या भिंतीत ते काळसर दगडामुळे लगेच वेगळे दिसते. त्यावर दर्यावर्दींचे गोल, म्हणजे कड्यांनी बनलेले आकाशगोल, कोरलेले आहेत.

आत गेल्यावर मान वर करण्याआधी पायाखाली बघा. फरशी म्हणजे थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज लेख. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगे, एवढा एक शब्द ओळखता आला तरी बरेच दगड बोलू लागतात. मग सोनेरी वेदीकडे जा. क्रुसावरच्या येशूला संत फ्रान्सिस कवटाळतो आहे आणि खालच्या बैठकीवर दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन ही व्रते लिहिली आहेत.

मठ 1835 मध्ये, धर्मसंघ बंद केले गेले तेव्हा, रिकामा झाला. 1964 पासून तिथे संग्रहालय आहे. तिकीट काढून आधी आतला चौक गाठा. भोवतीच्या ओवरीतून एक पूर्ण फेरी मारा. साधूंच्या रोजच्या वावराची मापे इथेच कळतात, दालनांत नाही. वीरगळ आणि सतीशिळा घाईत ओलांडू नका, पोर्तुगीजांच्या आधीचा गोवा त्यांच्यात आहे. व्हाइसरॉयांची तैलचित्रे वरच्या मजल्यावर. छायाचित्रांचे नियम दारातच विचारून घ्या.

बाहेरच्या हिरवळीवरून फोटो काढायचे असतील तर उन्हाची दिशा सांभाळा. सेंचे तोंड पूर्वेला, म्हणून ते सकाळी उजळते. या इगर्जीचे पश्चिमेला, म्हणून तिचे अष्टकोनी मनोरे दुपारी चारनंतर टिपा. सकाळी समोरून काढलेला फोटो हमखास काळा येतो.