इन्व्हर्टरची जुनी बॅटरी घराबाहेर काढण्याआधी

नवी बॅटरी सांगायच्या आधी जुनी कुणाच्या हाती द्यायची ते ठरवा. दुकानदाराला फोनवरच विचारा: जुनी घेता का, मोडीत किती धरता, आणि ती घेतल्याची नोंद बिलावर करता का? तिसऱ्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल, तो सोडून द्या. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता योग्य हाती देणं हे काम आपलं.

भंगारवाला चार पैसे जास्त देईल. पण अशा व्यवहारात कित्येकदा बॅटरीतलं ॲसिड गटारात ओतलं जातं आणि शिसं उघड्या भट्टीवर वितळवलं जातं. धुरातलं ते शिसं आसपासच्या अंगणांतल्या मातीत बसतं आणि रांगणाऱ्या लेकराच्या बोटांवरून तोंडात जातं. मेंदूचं नुकसान झालं की ते भरून येत नाही. जगात दर तीन मुलांमागे साधारण एकाच्या रक्तात शिसं चिंताजनक पातळीला आहे, असं युनिसेफ आणि प्रदूषणाविरुद्ध काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या 2020च्या अहवालात म्हटलं आहे आणि बॅटऱ्या अशा फोडणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. चार पैशांसाठी हे करू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून वजन हलकं करायला घरी ॲसिड मुळीच काढू नका. त्यात शिसंही विरघळलेलं असतं. झाकणं घट्ट आहेत ना पाहा. हातमोजे, चष्मा, जुने कपडे घाला; सुती कपड्यावरचा थेंब त्या दिवशी दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, मग आधी काळी वायर, नंतर लाल. दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावा.

खाण्याचा सोडा हाताशी हवाच. शहाबादी फरशीवर थेंब पडला की फसफसतो आणि पांढरा डाग कायमचा राहतो. लगेच सोडा टाका. डोळ्यात उडालं तर मात्र सोडा नको, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा.

उचलायला दोघं हवेत, कारण वजन बरेचदा पन्नास किलोच्या पुढे असतं. टेम्पोत उभीच ठेवायला सांगा, आडवी नको. टेम्पो हलण्याआधी बिलावरची नोंद वाचून घ्या.